संख्यापित विधानांवरून अनुमान आणि मराठी वाक्यरचना : एक टीका

१

तर्कशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात संख्यापित विधानांचे प्रकरण शिकविताना एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. विद्यार्थी चिन्हे बिनचूक मांडतात, नियमांची नावे क्रमाने सांगतात आणि दहा-बारा ओळींची सिद्धता विनासायास पूर्ण करतात. परंतु एखादे साधे मराठी वाक्य पुढे ठेवून, ‘यावरून काय निष्पन्न होते आणि काय होत नाही?’ असे विचारले, तर तेच विद्यार्थी अडखळतात. हा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते दोष मांडणीचा आहे. आपण मराठीतून तर्कशास्त्र शिकवितो खरे. पण ज्या वाक्यांवर ते शास्त्र चालवितो ती वाक्ये मराठी नसतात. ‘सर्व स हे प आहेत’ हे इंग्रजी पाठ्यपुस्तकातील साच्याचे अक्षरांतर होय. त्या साच्यातून मराठी मनुष्य बोलत नाही, आणि म्हणून त्या साच्यावरील नियम त्याच्या विचारात उतरत नाहीत.

प्रस्तुत लेखात या मांडणीतील तीन दोषांचा विचार करावयाचा आहे : पहिला अस्तित्वगृहीताविषयीचा, दुसरा संख्यापकांच्या क्रमाविषयीचा आणि तिसरा निषेधाच्या व्याप्तीविषयीचा. उदाहरणे बुद्ध्याच गोंदिया जिल्ह्यातील घेतली आहेत. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात तलाव, सारस पक्षी आणि वनहक्क या तीन विषयांवर ‘सर्व’, ‘प्रत्येक’ आणि ‘एकही नाही’ अशा भाषेत नित्य विधाने केली जातात. त्यांवरून काढलेले निष्कर्ष युक्त की अयुक्त, यावर कोणाच्या बांधीला पाणी मिळणार आणि कोणाच्या गावाला जंगल मिळणार, हे काही अंशी ठरते. तेव्हा हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही.

अनुमान युक्त म्हणजे काय, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. आधारविधाने सत्य असताना निष्कर्ष असत्य असणे अशक्य असेल, तरच अनुमान युक्त. निष्कर्ष प्रत्यक्षात खरा आहे एवढ्यावरून अनुमान युक्त ठरत नाही, आणि तो खोटा आहे एवढ्यावरून अयुक्तही ठरत नाही.

२

पहिला दोष अस्तित्वगृहीताचा. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेल्या परंपरेत सर्वव्यापी होकारात्मक विधानावरून अंशव्यापी होकारात्मक विधान काढणे युक्त मानले आहे. ‘सर्व स प आहेत’, म्हणून ‘काही स प आहेत’. याच आधारावर डाराप्टीसारखी संवाक्ये उभी आहेत. आता पुढील संवाक्य पाहावे. नागझिऱ्यातील सर्व सिंह हे सिंह आहेत. नागझिऱ्यातील सर्व सिंह नागझिऱ्यात राहणारे आहेत. म्हणून नागझिऱ्यात राहणारे काही प्राणी सिंह आहेत. दोन्ही आधारविधाने नाकारता येत नाहीत. ती नाकारणे म्हणजे व्याघात करणे होय. तथापि निष्कर्ष उघड असत्य आहे, कारण नागझिऱ्याच्या अरण्यात वाघ आहेत, बिबटे आहेत, सिंह नाही.

आधुनिक तर्कशास्त्राने हा पेच सोडविला तो सर्वव्यापी विधानाचे रूप बदलून. बूल आणि व्हेन यांच्या लेखनात या बदलाची चाहूल लागते, आणि फ्रेगे यांच्या १८७९ मधील ग्रंथात त्याला पूर्ण रूप येते. ‘सर्व स प आहेत’ याचा अर्थ, ‘कोणतीही वस्तू घ्या, ती स असेल तर ती प आहे’. हे सोपाधिक विधान आहे. स कोटीतील एखादी वस्तू अस्तित्वात आहे असे ते म्हणत नाही. ‘काही स प आहेत’ हे विधान मात्र अस्तित्व सांगते. म्हणून पहिल्यावरून दुसरे काढावयाचे तर ‘निदान एक स आहे’ हे तिसरे विधान जोडावे लागते. परंपरेने मान्य केलेल्या चोवीस संवाक्यप्रकारांपैकी असे अधिक विधान न घेता केवळ पंधरा टिकतात, ते याच कारणाने.

इथपर्यंतचा भाग आपली पाठ्यपुस्तके सांगतात. परंतु पुढे ती जो उपदेश करतात तो चिंत्य आहे. व्यवहारभाषा शिथिल असते, तिच्यात ‘सर्व’ म्हटले की अस्तित्व उगाच गृहीत धरले जाते, शास्त्राने ही शिथिलता दूर केली, असे त्यांचे म्हणणे. मराठीच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. मराठीत सर्वव्यापी विधान करण्याच्या निदान दोन रीती आहेत. ‘तलावाखालच्या सर्व बांध्यांना पाणी मिळते’ ही एक. ‘जी जी बांधी तलावाखाली असेल, तिला तिला पाणी मिळते’ ही दुसरी. पहिल्या वाक्यात तलावाखाली बांध्या आहेत हे गृहीत आहे. एकही नसेल तर ऐकणारा, ‘कुठल्या बांध्या?’ असे विचारील. दुसऱ्या वाक्यात तसे काही गृहीत नाही. ‘जो पाळ फोडील त्याला दंड होईल’ असे गावाने ठरविले, तर पाळ फोडणारा कोणी आहे असे गाव सांगत नाही. कोणी नसावा हाच तर त्या ठरावाचा हेतू आहे.

म्हणजे फ्रेगे यांनी जे रूप चिन्हांनी सिद्ध केले, ते मराठीच्या ‘जो-तो’ रचनेत बव्हंशी तयार आहे. ‘जो’ हा चलाचे काम करतो, ‘असेल’ हे क्रियापद उपाधी दाखविते, आणि ‘तो’ त्याच चलाची पुनरुक्ती करतो. शिक्षकाने प्रथम ही रचना घ्यावी, तिचे चिन्हांकन करावे, आणि मगच ‘सर्व’ या शब्दाकडे वळावे. आज आपण नेमका उलटा क्रम धरतो, आणि विद्यार्थ्याला वाटते की सोपाधिक रूप हे तर्कशास्त्रज्ञांनी बाहेरून लादले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो व तो रास्त आहे. ‘जो-तो’ रचना सर्वदा सर्वव्यापी नसते. ‘जो मुलगा काल आला होता तो आज गेला’ या वाक्यात एका विशिष्ट मुलाचा निर्देश आहे. तसेच ‘जे आले त्यांना जेवण मिळाले’ या भूतकाळी वाक्यात कोणीतरी आले होते असे सूचित होते. म्हणून नियम असा करावा : द्विरुक्ती (‘जो जो’, ‘जेथे जेथे’), किंवा ‘असेल’, ‘करील’ यांसारखे क्रियारूप असेल, तेथे रचना सोपाधिक सर्वव्यापी समजावी, इतरत्र संदर्भ पाहावा. ही मर्यादा मान्य केल्याने मूळ मुद्द्याला बाध येत नाही.

स्ट्रॉसन यांनी १९५२ च्या आपल्या ग्रंथात अस्तित्वाची ही सूचना विधानाचा भाग नसून विधानाचे पूर्वगृहीत आहे असे मत मांडले. पूर्वगृहीत असत्य असेल तर विधान सत्यही नाही व असत्यही नाही. सत्यासत्यतेचा प्रश्नच उद्भवत नाही. मराठीतील ‘सर्व’ या शब्दाचे वर्णन म्हणून हे मत आम्हाला बरेचसे पटते. परंतु अनुमानाचा नियम म्हणून ते अपुरे आहे. ज्या विधानाची सत्यासत्यता आधी दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे, त्यावरून अनुमान करणाऱ्याने ती दुसरी गोष्ट उघडपणे लिहिलीच पाहिजे.

ती न लिहिल्याने काय घडते याची दोन उदाहरणे देतो. महाराष्ट्रात सारस पक्ष्याचा वावर आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात, आणि थोडाफार भंडारा व चंद्रपूरकडे उरला आहे. ‘जिल्ह्यातील सर्व सारसांची घरटी सुरक्षित आहेत’ असे विधान कोणी केले आणि ते सोपाधिक अर्थाने घेतले, तर ज्या वर्षी एकही घरटे बांधले गेले नाही त्या वर्षीही ते सत्यच राहील. किंबहुना पक्षी जिल्ह्यातून नाहीसा झाला तर त्याच्या संरक्षणाविषयीचे प्रत्येक सर्वव्यापी विधान आपोआप सत्य होईल. दुसरे उदाहरण २००६ च्या वनहक्क अधिनियमाचे. एखाद्या गावाविषयी ‘आलेले सर्व सामूहिक दावे मंजूर झाले’ असे म्हटले, आणि त्या गावाच्या ग्रामसभेने दावाच केलेला नसला, तर आधुनिक अर्थाने विधान सत्य आहे. वाचणारा मात्र गावाला हक्क मिळाला असा निष्कर्ष काढतो. येथे विधान करणाऱ्याने असत्य सांगितले नाही, आणि वाचणाऱ्याने भाषेच्या रूढीबाहेर काही केले नाही. तरीही अनुमान अयुक्त आहे. जो विद्यार्थी ‘निदान एक स आहे’ हे विधान मागावयास शिकला, तोच ‘दावे किती आले होते?’ हा प्रश्न विचारील.

३

या संदर्भात आपल्या परंपरेकडे पाहणे उद्बोधक ठरेल. न्यायदर्शनातील अनुमानाचे तिसरे अवयववाक्य ‘उदाहरण’ होय. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, एवढ्यावर नैयायिक थांबत नाही. स्वयंपाकघराचा दृष्टांत तो त्यातच जोडतो. पाश्चात्त्य तर्कशास्त्र शिकलेल्या अनेकांना हा दृष्टांत अनावश्यक वाटला, निगमनाच्या उरावर बसलेले विगमनाचे ओझे वाटले. परंतु सर्वव्यापी विधानाला अस्तित्वाचा आधार देण्याचे काम तो करतो, हे लक्षात घेतले की त्याचे प्रयोजन कळते. त्याचप्रमाणे पक्षच अस्तित्वात नसेल तर हेतू आश्रयासिद्ध ठरतो. आकाशातील कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, हे अनुमान नैयायिक दुष्ट मानतो. आकाशकमळ नाहीच, मग सुगंध कोणाचा?

चौदाव्या शतकातील गंगेशोपाध्यायांनी व्याप्तीच्या लक्षणांची जी छाननी केली, तिच्यात हाच प्रश्न अधिक सूक्ष्म रूपाने येतो. ‘व्याप्तिपंचक’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या पाच लक्षणांपैकी पहिले असे की, साध्याचा अभाव जेथे आहे तेथे हेतू नसणे म्हणजे व्याप्ती. आधुनिक चिन्हांत हे ‘जी स आहे पण प नाही अशी वस्तू नाही’ या विधानाशी जुळते, आणि ते सर्वव्यापी सोपाधिक विधानाशी समतुल्य आहे. गंगेशांनी ते त्याज्य ठरविले. कारण ज्ञेयत्व, अभिधेयत्व असे धर्म सर्वत्र असतात. तेथे साध्याचा अभाव असणारे स्थळच नसल्याने लक्षण लागू पडत नाही. आधुनिक तर्कशास्त्रज्ञ म्हणेल, ‘असे स्थळ नाही म्हणूनच तर विधान सत्य आहे.’ नैयायिक म्हणेल, ‘जे स्थळ नाही त्याच्याविषयी तुम्ही बोलताच कसे?’ गंगेशांच्या सिद्धान्तलक्षणात, हेतूच्या अधिकरणात असणाऱ्या कोणत्याही अत्यंताभावाचा जो प्रतियोगी नाही अशा साध्याशी हेतूचे सामानाधिकरण्य अपेक्षिले आहे. या ‘सामानाधिकरण्या’त हेतू व साध्य कोठेतरी एकत्र आहेत हे अंतर्भूत आहे. म्हणजे अस्तित्वाची अट लक्षणातच बसविली आहे.

इंगॉल्स यांनी १९५१ मध्ये नव्यन्यायाचा आधुनिक तर्कशास्त्राच्या दृष्टीने परिचय करून दिला; बारलिंगे यांनी १९६५ मध्ये भारतीय तर्कशास्त्राची आधुनिक प्रस्तावना लिहिली. त्यामुळे ही तुलना आता नवी नाही. परंतु तिचा उपयोग आपण बहुधा अभिमानाने किंवा संकोचाने करतो. अध्यापनासाठी करीत नाही. वस्तुतः दोन्ही मते वर्गात समोरासमोर ठेवावीत. आधुनिक मत अस्तित्वविधान वेगळे काढते, न्यायमत ते व्याप्तीत ठेवते. दोहोंपैकी कोणतेही ते विसरत नाही. विसरतो तो निष्काळजी वाचक.

४

दुसरा दोष संख्यापकांच्या क्रमाचा. गोंदिया-भंडारा हा तलावांचा मुलूख. धानाच्या शेतीसाठी कोहळी समाजाने येथे असंख्य तलाव व बोड्या बांधल्या. १९५० च्या मध्यप्रदेश मालकीहक्क निर्मूलन अधिनियमानुसार १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, आणि हे तलाव ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने ओळखले जाऊ लागले. आता हे वाक्य घ्या : ‘शिवारातील प्रत्येक बांधीला एका तलावाचे पाणी मिळते.’ याचे दोन अर्थ होतात. पहिला : कोणतीही बांधी घ्या, तिला पाणी देणारा कुठला तरी तलाव आहे. दुसरा : एक तलाव असा आहे की तो प्रत्येक बांधीला पाणी देतो. दुसऱ्यावरून पहिला निष्पन्न होतो. पहिल्यावरून दुसरा होत नाही. शिवारात तीन तलाव असून प्रत्येकाखाली काही बांध्या असतील, तर पहिला सत्य व दुसरा असत्य ठरेल. भेद किरकोळ नाही. दुरुस्ती एकाच तलावाची करावयाची असे ठरले, तर पहिल्या अर्थाने काही बांध्या कोरड्या राहतील.

हे अयुक्त अनुमान सिद्धतेचे रूप घेऊन कसे येते ते पाहू. प्रत्येक बांधीला कुठला तरी तलाव आहे. ‘क’ ही कोणतीही बांधी घेऊ. तिला पाणी देणारा कुठला तरी तलाव आहे. त्याला ‘त’ म्हणू. ‘त’ हा ‘क’ला पाणी देतो. ‘क’ ही कोणतीही बांधी होती, म्हणून ‘त’ हा प्रत्येक बांधीला पाणी देतो. म्हणून एक तलाव प्रत्येक बांधीला पाणी देतो. प्रत्येक पायरी एकेकटी पाहिली तर निर्दोष भासते. दोष चौथ्या पायरीत आहे. ‘त’ हे नाव ‘क’ निवडल्यानंतर, ‘क’च्या आधाराने दिले, ‘क’ बदलली तर ‘त’ही बदलेल. म्हणून ‘त’ ज्या ओळीत आहे तेथे ‘क’चे सामान्यीकरण करता येत नाही.

पाठ्यपुस्तके या ठिकाणी निर्बंधांची यादी देतात : हे नाव पूर्वी आलेले नसावे, ते चल मुक्त नसावे, इत्यादी. गेन्टझेन यांनी १९३४-३५ मध्ये नैसर्गिक निगमनाच्या पद्धतीत हे निर्बंध नेटकेपणाने मांडले. तथापि ते किती निसरडे आहेत याचा पुरावा म्हणजे, कोपी यांच्या सर्वत्र शिकविल्या गेलेल्या १९५४ च्या पुस्तकातील संख्यापकनियमांत दोष आढळले आणि पुढील आवृत्त्यांत त्यांची दुरुस्ती करावी लागली. जेथे ग्रंथकार घसरतो तेथे पाठांतरावर भिस्त ठेवणारा विद्यार्थी काय टिकणार?

येथेही मराठी आपल्या मदतीला येते. ‘कोणतीही बांधी’ आणि ‘कुठला तरी तलाव’ या दोन पदांत आपली भाषा जो भेद करते तोच या निर्बंधांचा गाभा आहे. ‘कोणतीही’ म्हणून घेतलेल्या नावावर आपण काही अट घातलेली नसते. म्हणून त्याविषयी जे सिद्ध होईल ते सर्वांविषयी सिद्ध होते. ‘कुठला तरी’ किंवा ‘एखादा’ म्हणून घेतलेल्या नावाविषयी आपल्याला एवढेच ठाऊक असते की, तो आहे. कोणता ते ठाऊक नसते. म्हणून त्याच्यावरून ‘सर्व’ म्हणता येत नाही, आणि आधीच ओळखीच्या वस्तूचे नाव त्याला देता येत नाही. शिवाय ‘कुठला तरी’ हे पद ‘कोणतीही’च्या पोटात आले असेल तर ते तिच्यावर अवलंबून असते. एवढे तीन मुद्दे मनात ठसले, तर निर्बंधांची यादी विद्यार्थी स्वतः तयार करील. सिद्धतेत नवे नाव आले की त्यापुढे ‘कोणताही’ की ‘कुठला तरी’ हे कंसात लिहावे, आणि दुसऱ्या प्रकारचे असेल तर ते कोणाच्या आधाराने आले हेही लिहावे, अशी सवय आम्ही सुचवितो.

५

तिसरा दोष निषेधाचा. ‘सर्व तलाव भरलेले नाहीत’ या वाक्याचे चिन्हांकन कसे करावे? एकही तलाव भरलेला नाही, असाही अर्थ होतो, आणि काही भरले, काही भरले नाहीत, असाही. पहिला अर्थ सर्वव्यापी नकारात्मक. दुसरा केवळ सर्वव्यापी होकारात्मकाचा निषेध, म्हणजे ‘निदान एक तलाव भरलेला नाही’. पहिल्यावरून दुसरा, तलाव आहेत हे धरल्यास, निघतो. उलट निघत नाही. पाठ्यपुस्तकातील प्रश्नांत असली वाक्ये सर्रास आढळतात, आणि उत्तर एकच धरलेले असते. हा विद्यार्थ्यांवर अन्याय होय.

मराठीला हा भेद व्यक्त करण्याची सोय नाही असे मात्र नाही. ‘एकही तलाव भरलेला नाही’ यात ‘ही’ हे अव्यय अर्थ निश्चित करते. ‘सगळेच तलाव भरले आहेत असे नाही’ यात ‘च’ आणि शेवटचे ‘असे नाही’ मिळून निषेधाला संपूर्ण विधानाबाहेर ठेवतात. ‘ही’ आणि ‘च’ ही दोन लहान अव्यये मराठीच्या तार्किक रचनेत किती मोठे काम करतात, याचा पद्धतशीर अभ्यास एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगा आहे. गोंदियाकडील विद्यार्थ्यांच्या कानांवर झाडीबोली, पोवारी आणि हिंदी यांचाही संस्कार असतो. त्या बोलींत हेच भेद कोणत्या अव्ययांनी होतात, हेही त्यात यावे.

६

वरील टीकेचा अर्थ, चिन्हे सोडून द्यावीत असा कोणी करू नये. चिन्हांवाचून संख्यापकांचा क्रम व निषेधाची व्याप्ती नि:संदिग्धपणे दाखविता येत नाही. मराठी वाक्याचे दोन अर्थ आहेत हे आपल्याला दिसले तेदेखील चिन्हांची शिस्त पाठीशी होती म्हणूनच. आमचे म्हणणे इतकेच की, चिन्हाकडे जाणारी वाट मराठी वाक्यातून जावी, आणि चिन्हाकडून परत येणारी वाटही तेथेच पोहोचावी. परीक्षेत सिद्धतेबरोबर निदान एक प्रश्न असा असावा : दिलेल्या अनुमानात कोणते अस्तित्वविधान गाळले आहे, कोणता क्रम उलटला आहे, किंवा निषेध कोठवर पोहोचतो, हे साध्या मराठीत सांगा.

सर्वव्यापी विधान ऐकले की तीन प्रश्न विचारावेत : ज्यांच्याविषयी बोलता ते आहेत काय? ‘कुठला तरी’ म्हणता तो सर्वांना एकच की ज्याचा त्याला वेगळा? ‘नाही’ म्हणता ते कोणाला? तलावाच्या पाळीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हे प्रश्न अपरिचित नाहीत. पाणी कोणत्या तलावाचे आणि कोणत्या बांधीला, हे तो रोज विचारीत आला आहे. पदव्युत्तर वर्गातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला ते त्याच्याइतक्या सहजतेने विचारता आले, तर या विषयाच्या अध्यापनाने आपले काम केले असे म्हणता येईल.